गोड्या पाण्यावरचे सारंग

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर लेक पाण्याच्या मुलखात पडली याचा. माझं माहेर माण तालुक्यातलं. तिथं टँकरचा भोंगा वाजला की बाई तव्यावरची भाकरी तशीच सोडून पळते. "रत्नागिरीत दिलीय. दारात खाडी, मागं नदी. हंडा कसा उचलायचा तेच विसरंल," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. आणि लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी सासरच्या दारात हंडा घेऊन टँकरची वाट बघत उभी होते. शेजारच्या कुंपणावरून बनियनमधला एक म्हातारा मला ओरडून विचारत होता, "काय गो, माहेराहून आंदणात दुष्काळ आणलास काय?"

हे सारंगकाका. मी तेव्हा नवी नवरी होते, नाहीतर त्यांना चांगलं उत्तर दिलं असतं. पुढच्या काळात दिलंही, आणि बरेचदा.

सारंग हे त्यांचं नाव नव्हे, आडनावही नव्हे. बोटीवरच्या खलाशांचा जो मुकादम असतो तो सारंग. नाव दत्ताराम, पण त्या नावाने त्यांना फक्त पोस्टमन ओळखायचा. उभं आयुष्य मालवाहू बोटींवर काढून ते वाडीत परतले, तरी त्यांच्या पायांना जमीन स्थिर असते हे काही पटलेलं नव्हतं. पाय फाकवून, जरा डुलत चालायचे. आवाज वाऱ्याशी भांडून कमावलेला. काकींच्या कानात काही सांगायचं झालं तरी ते पलीकडच्या वाडीला कळे. त्यामुळे त्या घरात गुपित असं कधी राहिलंच नाही.

बोटीवर गोड्या पाण्याच्या टाक्या असतात आणि टाकीत किती पाणी उरलंय ते दोरीला बांधलेली पितळी दांडी आत सोडून बघतात. काका कायमचे घरी आले तेव्हा तशी एक दांडी त्यांच्या ट्रंकेत होती. ती त्यांना कंपनीने दिली की त्यांनी स्वतःच घेतली, हे ताराकाकींनाही माहीत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. रोज सकाळी काका दांडीला खडू चोळून ती वाडीच्या विहिरीत सोडायचे, वर काढून खडू कुठवर भिजला ते बघायचे. मग पोहऱ्याने पाणी काढून तोंडात घोळवायचे, डोळे मिटून. आम्ही बायका कळश्या घेऊन ताटकळत. शेवटी निकाल यायचा, "गोडा हाय. भरा!" जसं काही ते नाही म्हणाले असते तर आम्ही तशाच परत जाणार होतो.

पण एप्रिल लागला की त्या निकालाची आम्हीही मुकाट्याने वाट बघायचो. आमची विहीर नदीच्या काठाला आहे, जिथं खाडी संपते आणि नदी सुरू होते तिथं. नदी वाहती असते तोवर भरतीचं खारं पाणी खालीच थोपून राहतं. नदीचा जोर गेला की ते वर सरकतं आणि जमिनीखालून विहिरीत शिरतं. मग पाणी मचूळ होतं. चहात दूध घातलं की फाटतं, डाळ शिजता शिजत नाही, म्हाताऱ्यांचं पोट बिघडतं. आणि माझ्या आईच्या पाण्याच्या मुलखात टँकर येतो.

काका सांगायचे, त्यांच्या लहानपणी विहीर मचूळ झालेली कोणी ऐकली नव्हती. त्याला कारण होता बंधारा. दिवाळी झाली, भात कापून झोडून घरात आलं, की घरटी एक माणूस निघायचा, देवीला गाऱ्हाणं घातलं जायचं, आणि दगड, फांद्या, माती लोटून नदीला आडवा बंधारा पडायचा; आमच्याकडे बंधारा घातला याला पडला म्हणतात. मागे पाणी तुंबायचं, हळूहळू झिरपत राहायचं, आणि खाडीला पुढे सरकायला जागाच मिळायची नाही. पुढे नळ आला. पुरुष मुंबईला गेले. गणपतीला आणि शिमग्याला ते येतात, पण बंधाऱ्यासाठी रजा मागितली तर साहेब हसेल, म्हणून कोणी येईना. बंधारा बंद पडला. नळाची टाकी तरी कुठून भरायची? त्याच विहिरीतून.

काकांनी बंधारा परत घालायचा ठरवला तेव्हा त्यांनी मुंबईतल्या पुरुषांना फोन केले. प्रत्येकाने "काका, कल्पना झकास" असं सांगितलं आणि फोन ठेवला. मग ते बचतगटाच्या बैठकीत येऊन उभे राहिले. बचतगट सुशीलाचा, म्हणजे प्रमुख ती. काटक बाई, नवरा परळला, घरची शेती एकटी ओढणारी.

"पुरुष नाय, तर बोटीवर बायका घेऊ," काका म्हणाले.

"पगार काय?" सुशीलाने विचारलं.

"मे महिन्यात न फाटलेला चा."

आम्ही गेलो. रेतीने भरलेल्या पोत्यांची रांग लावायची होती. काका काठावर उभे राहून खलाशांना द्यायच्या त्याच आरोळ्या आम्हाला देत होते. ओढायचं असलं की "हबेस!", सोडायचं असलं की "आर्या!" आम्ही पहिल्या दिवशी नेमकं उलटं करत होतो आणि त्यांनी आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या कुठल्या देशातल्या होत्या देव जाणे. सुशीला म्हणाली, "काका, मराठीत द्या. निदान परत देता येतील." हसून हसून आमच्या हातातलं पोतं सुटलं.

इथे काकांनी एक गोष्ट वेगळी केली होती. दिवाळीपर्यंत ते थांबलेच नाहीत. त्यांचं म्हणणं, नदी आता पूर्वीसारखी रेंगाळत नाही. पाऊस येतो तो अंगावर कोसळून जातो, आणि उघडीप पडली की नदी बघता बघता खाली बसते. दिवाळीपर्यंत थांबलो तर अडवायला काय उरणार? हे त्यांचं बरोबरच होतं. म्हणून नवरात्र संपताच बंधारा घातला, आणि बोटीचं भोक बुजवावं तसा ताडपत्री लावून असा गच्च घातला की त्यातून थेंब सुटेना. काका दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. इतकं खूष मी त्यांना फारसं कधी पाहिलं नाही.

आणि ऐन दिवाळीत पाऊस आला. पुढे दरवर्षीच यायला लागला, पण तेव्हा आम्हाला त्याची सवय नव्हती. वरच्या डोंगरात कोसळला, नदी फुगली, गच्च बंधाऱ्याला धडकली आणि बाजूने शेतात शिरली. काठच्या शेतात कापलेलं भात वाळत पडलं होतं. सकाळी भारे पाण्यावर तरंगत होते. सगळ्यात जास्त नुकसान सुशीलाचं झालं. ती बांधावर बसून राहिली, रडलीसुद्धा नाही. मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. म्हाताऱ्यांना बोलायला तोंडच मिळालं. भात घरात आल्यावर बंधारा, ही वाडवडिलांची रीत मोडली, त्याचं हे फळ, वगैरे. मला वाटलं, काका आता आवाज चढवणार. काका उठले आणि त्यांच्या मानाने फारच हळू बोलले.

"चूक माझी हाय. दर्या कवा फिरतो तां मला कळतां, म्हणून आभाळाचां पण कळतां असां मी समजलंव. नाय कळला. पण एक सांगा. रीत पाळली असती तर भात वाचलां असतां, बरोबर. आणि मे महिन्यात विहीर?"

तेवढ्यात सुशीला उठली. "विहिरीचं मला सांगू नका. पुढच्या साली माझ्या शेताच्या अंगाला बंधारा पडायचा नाय." आणि ती निघून गेली.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. काका हर्णैला गेले. तिथं किनाऱ्यावर एक जुनी होडी मोडत होते, तिच्या जाड फळ्या ते टेम्पोत घालून घेऊन आले. पुढचे कित्येक दिवस त्यांच्या अंगणात रंधा चालला. बंधाऱ्याच्या मध्ये दार ठेवायचं, दोन्ही बाजूंना खाच करायची आणि खाचेत एकावर एक फळ्या सोडायच्या. पाऊस आला की फळ्या वर ओढून काढायच्या, नदी मोकळी. गेला की परत लावायच्या.

त्या फळ्या दाखवायला ते सुशीलाच्या दारात गेले. मी तिथंच होते. तिने त्यांना बसा म्हटलं नाही.

"आणि रात्री-अपरात्री पाऊस आला तर काढणार कोण?"

"मी."

"तुमी इथं नसलांव तर?"

"असणार. बंधारा पडला की थंडी पडेपर्यंत मी वाडी सोडणार नाय. तुझ्या भाताला पाणी लागला तर माझ्या शेतातला सगळा भात तुझा."

सुशीला बराच वेळ फळी उलटसुलट करून बघत होती. मग म्हणाली, "पुढच्या साली बघू." आमच्याकडे याचा अर्थ होकार असतो.

काकांनी हा शब्द ज्या हट्टाने पाळला त्याचं कौतुक करावं की कपाळाला हात लावावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बंधारा पडला की ते वाडीबाहेर जाईनात. मुंबईला मुलाकडे, प्रकाशकडे, दिवाळीला जायचं बंद. दात दुखला तर लवंग. एकदाच काय ते काकींनी रडून-भेकून त्यांना देवरूखला नेलं, सख्ख्या भाचीचं लग्न होतं म्हणून. मीही बरोबर होते. पंगत बसली, वाढप झालं, काकांनी भातावर वरण कालवलं आणि मंडपाच्या फटीतून त्यांना सह्याद्रीच्या अंगाला काळं आभाळ दिसलं. माणूस भरल्या ताटावरून उठला. मुलीकडचे घाबरले, काय चुकलं म्हणून. "फळ्या!" एवढंच म्हणून काका एसटी स्टँडकडे डुलत डुलत धावले. त्या दिवशी आमच्याकडे एक थेंब पडला नाही. काकी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत आणि भाचीकडचे लोक पुढे कित्येक वर्षं विचारायचे, त्या फळ्यावाल्या मामांचं डोकं आता कसं आहे?

पण खरा पाऊस आला, तेव्हाही ते होतेच. छातीभर पाण्यात उभे राहून एकटे फळ्या ओढायचे. आम्ही मदतीला गेलो तर काठावरच थांबवायचे. कुठली फळी आधी, कुठली मागून, पाणी कुठं आलं की हात घालायचा, सगळं स्वतःकडे. तोंडाने सांगत मात्र असायचे, आम्ही ऐकतोय की नाही याची पर्वा न करता. सुशीलाचं भात परत कधी भिजलं नाही. आणि विहीर मे अखेरपर्यंत गोडी राहायला लागली.

एकदा पाणी खात्याच्या एक मॅडम गावात सभा घ्यायला आल्या होत्या. तरुण होत्या, समजावून सांगायची तळमळ होती. म्हणाल्या, हवामान बदलतंय याचा अर्थ कोकणात पाऊस कमीच होईल असा नाही, कदाचित वाढेलही. पण तो थोड्या दिवसांत कोसळेल आणि मधले कोरडे दिवस लांबतील. आपल्या नद्या आखूड, पडलेलं पाणी लगेच समुद्रात. ऊनही वाढणार आणि समुद्रही वर येणार. म्हणजे भर पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात नद्या लवकर आटायच्या. अर्धी सभा पेंगत होती. काका उठले.

"बाई, एक सांगा. पूर्वीचा हंगाम परत जाग्यावर येणार काय?"

मॅडमनी हातातले कागद मिटले. मग म्हणाल्या, "येईल असं मी सांगू शकत नाही काका. त्याची वाट बघू नका."

मला वाटलं काका भडकतील. ते मॅडमना विहिरीवर घेऊन गेले, दांडी दाखवली, घरी नेऊन काकींच्या हातचं खापरोळ्यांचं ताट पुढे ठेवलं. "पहिल्यांदा कोणीतरी सरळ बोललां," असं सगळ्यांना सांगत होते. मग ते वाक्य त्यांनी आपलंच करून टाकलं. मुंबईहून कोणी येऊन म्हणालं की काका, पुढच्या वर्षी होईल सगळं ठीक, की हे म्हणायचे, "बाई काय बोलली? वाट बघू नका. पोता उचल."

सगळं जमलंच असं मी सांगणार नाही. एका वर्षी बंधारा होता, फळ्या होत्या, काका होते, आणि तरीही मे अखेरीला पाणी मचूळ लागलं. उन्हाळाच तसला होता, वरचे झरे आधीच बसले होते. काकांनी पाणी तोंडात घोळवलं, थुंकलं, परत घेतलं. निकाल दिलाच नाही. दांडीची दोरी गुंडाळून घरी गेले आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून निजले. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. इतकं करून नदी ऐकत नाही म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काका नदीच्या पात्रात, बंधारा आणखी वर कुठे घालता येईल ते बघत हिंडत होते. पुढच्या वर्षी दोन बंधारे पडले. फळ्या फक्त खालच्याला, पण कष्ट दुप्पट.

त्याच्या पुढच्या दसऱ्यानंतर काकांच्या छातीत दुखलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या, बायपास करायला हवी, उशीर नको. प्रकाश गाडी घेऊन आला. आणि काका म्हणाले, "डिसेंबरात जाऊ."

प्रकाश ओरडला, काकी रडल्या, माझे यजमान फोनवरून समजावून दमले. काकांचं एकच. बंधारा पडलाय, भात शेतात आहे, शब्द दिलाय. शेवटी मी जाऊन सुशीलाला घेऊन आले. ती पडवीच्या पायरीवर बसली.

"काका, फळ्या आमी काढू."

"तुमाला कळायचां नाय, कवा काढायच्या तां."

"इतकी वर्सा तुमची बडबड ऐकतंव ती फुकट?"

"ऐकून काय येतां? पाण्यात उभा राहूक लागतां."

"उभा राहू कधी दिलांव?" सुशीलाचा आवाज चढला. "आणि तुमी इथंच मेलांव तर पुढच्या साली कोण काढणार? तां सांगा!"

काकींनी पदर तोंडाला लावला. काका सुशीलाकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले, छातीला हात धरून. "तां मात्र खरां हाय," म्हणाले. रविवारी निघायचं ठरलं.

मला रत्नागिरीत काम होतं म्हणून मीही त्या गाडीत बसले. काका पुढे, काकी आणि मी मागे. घाटी चढून गाडी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर आली. सड्यावर सगळं आभाळ उघडं दिसतं. पूर्वेकडून काळोख वर चढत होता.

"प्रकाश, गाडी फिरव."

"बाबा, उद्या सकाळी ॲडमिट व्हायचंय."

"फिरव, नायतर मी उतरून चालत जातंय." आणि त्यांनी खरोखरच दाराला हात घातला.

प्रकाशने आरशातून आईकडे पाहिलं. काकी म्हणाल्या, "फिरव रे बाबा. नायतर तिथं टेबलावरनं उठून यायचा हा."

आम्ही नदीवर पोचलो तोवर वर डोंगरात पाऊस लागला होता आणि पाणी गढूळ होऊन चढत होतं. काका दार उघडून उतरले, काठापर्यंत गेले आणि थांबले. सुशीला आणि वाडीच्या चार-पाच बायका कमरेभर पाण्यात होत्या. वरच्या फळ्या निघाल्या होत्या, काठावर नीट रचून ठेवल्या होत्या. दारातून पाणी धो धो चाललं होतं. शेताकडे पाण्याची रेघसुद्धा नव्हती.

"ती कडेची फळी..." काका सुरू झाले.

"आधीच काढली."

"खालची घाईत काढू नको, पाया उखडेल..."

"ठेवलीय. ती मागाहून." सुशीलाने वर बघितलंच नाही. एक फळी खाचेत अडकली होती, तिच्याशी तिची झटापट चालली होती. "काका, जावा आता. तुमची आमाला अडचण होतेय."

इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. काकांनी बंधाऱ्याकडे, फळ्यांकडे, शेताकडे एकदा नीट पाहिलं, चूक शोधत. सापडली नाही. मग त्यांचा चेहरा उजळला. ते वळले, गाडीत बसले आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

"चल रे," प्रकाशला म्हणाले, "कुठं कापायचां तिथं कापूं दे आता."

ऑपरेशन झालं, पण काका वाडीत परत आले नाहीत, मुंबईतच वारले. त्या दिवशी हे कोणाला माहीत होतं? मी गाडीत परत बसलेच नाही. रत्नागिरीचं काम दुसऱ्या दिवशी झालं असतं. पदर खोचला आणि पाण्यात उतरले, कारण अडकलेल्या फळीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. ती निघेपर्यंत मान वर करायला सवड झाली नाही. केली तेव्हा रस्त्यावर गाडी नव्हती, आणि सुशीला पुढच्या फळीला हात घालत होती.